रविवार रात्रीची हवाई लढाई: खरी हवी की न्याय्य?

"ताई, आम्ही काय नुसते मरायलाच आलो होतो का?"

हा प्रश्न मला रविवारी रात्री पावणेअकराला हेडफोनमधून आला. विचारणारा मुलगा एकोणीस वर्षांचा, सिन्नरजवळच्या एका गावातून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणारा. चाळीस मिनिटं तो इमानदारीत बॉम्बर विमानांच्या शेजारी उडत राहिला होता. इंग्लंडचा किनारा दिसला, आणि वरून आठ स्पिटफायर त्यांच्यावर कोसळली. दीड मिनिटात खेळ खलास. मिशन मी आखलं होतं, त्यामुळे उत्तर मीच द्यायला हवं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी थोडी ओळख. माझी पीएचडी डिस्ट्रिब्युटेड सिम्युलेशनवर चालू आहे. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे कॉम्प्युटर मिळून एकच जग रंगवतात, तेव्हा त्या सगळ्यांचं घड्याळ आणि त्या सगळ्यांचं "आत्ता" जुळवायचं कसं, हा विषय. एमएस्सी फिजिक्सची, त्यामुळे कोडिंग उशिरा शिकले. आणि छंद म्हणाल तर विमानांचे सिम. सिम म्हणजे बटण दाबलं की दहा मिसाइल सुटतात तो प्रकार नव्हे. आयएल-२ मालिकेतल्या 'क्लिफ्स ऑफ डोव्हर'मध्ये इंजिन तापलं की बंद पडतं, समोरच्या काचेवर तेल उडतं, आणि शत्रूचं विमान हे आकाशातला एक बारीक ठिपका असतं, जो डोळे मिचकावले की हरवतो. आमचा वीस-बावीस जणांचा ग्रुप आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, दोघं बंगळूरला, एक दादा जर्मनीत फ्रँकफर्टला. दर दुसऱ्या रविवारी आम्ही १९४०च्या बॅटल ऑफ ब्रिटनमधला एखादा प्रसंग उडवतो.

तो प्रसंग आखणं हे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं, आणि मी लागोपाठ तीन वेळा माती खाल्ली.

पहिल्यांदा जे घडलं ते वर सांगितलंच. मिशनच्या नावातच मी लक्ष्य लिहून ठेवलं होतं: 'मॅन्स्टनवर हल्ला'. साहजिकच ब्रिटिश बाजूची मंडळी सुरुवातीलाच उडाली आणि मॅन्स्टनच्या डोक्यावर सात हजार मीटरवर घिरट्या घालत बसली. दुसऱ्यांदा मी ते "सुधारलं". जर्मन विमानांना हवेतच, आठ हजार मीटरवर सुरुवात दिली. मग स्पिटफायर धावपट्टीवरून उठायच्या आत भाजून निघाली. तिसऱ्यांदा मी वैतागून दोन्ही बाजूंना तेच विमान, तीच उंची, तेवढेच लोक दिले. एकदम न्याय्य! आणि इतकं कंटाळवाणं की दोघं जण मध्येच जेवायला उठून गेले. १९४० त्यात कुठेच नव्हतं.

माझी चूक अशी होती, की "न्याय्य" म्हणजे "सारखं" असं मी धरून चालले होते. लढाई खरी ठेवायची तर ती सारखी असूच शकत नाही. मग विषमतेचे दोन ढीग केले. एक, जी विषमता १९४० मध्ये खरंच होती, ती ठेवायची. दुसरी, जी आपल्या इंटरनेटमुळे, घरच्या यंत्रांमुळे, आमच्या ढिसाळपणामुळे घुसते, ती काढायची. ऐकायला सोपं आहे. पण बहुतेक आयोजक (मीसुद्धा) नेमकं उलटं करतात. इतिहासातली विषमता घासून गुळगुळीत करतात आणि इंटरनेटमधली "चालायचंच" म्हणून सोडून देतात.

जी ठेवायची

त्या उन्हाळ्यात जर्मनीचं मुख्य लढाऊ विमान होतं मेसरश्मिट बीएफ १०९. ब्रिटनकडे स्पिटफायर आणि संख्येनं त्याहून जास्त हरिकेन. तिन्ही चांगलीच, पण प्रत्येकाची खोड वेगळी.

१०९च्या इंजिनात इंधन थेट इंजेक्शननं जायचं. स्पिटफायर-हरिकेनच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटवाला कार्ब्युरेटर होता. १०९च्या पायलटनं दांडा झटकन पुढे लोटून नाक खाली घातलं की तो निसटायचा. मागच्या ब्रिटिश पायलटनं तसंच केलं तर त्याचं इंजिन क्षणभर गुदमरायचं, म्हणून तो आधी विमान उलटं करून मग खाली खेचायचा. उलट वळणाच्या खेळात स्पिटफायर आतल्या बाजूनं कापत जायचं. स्पिटफायरच्या आठ मशीनगनमध्ये गोळ्या साधारण पंधरा सेकंदांच्या. १०९च्या दोन तोफांमध्ये प्रत्येकी साठ गोळे, म्हणजे सात सेकंद. पण एक गोळा बसला तरी पंखाला भगदाड.

यातलं काहीही मी हलवत नाही. खेळाडूंना हीच तर मजा हवी असते.

त्याहून मोठी विषमता इंधनाची. डोव्हरपाशी खाडी जेमतेम ३४ किलोमीटर रुंद, पण लंडनपर्यंत जाऊन परत यायचं तर १०९च्या पायलटला तिथे लढायला दहा-पंधरा मिनिटंच मिळायची. त्यानंतर पेट्रोल संपत आल्याचा लाल दिवा, आणि मग पुन्हा पाण्यावरून घरी. ब्रिटिश पायलट स्वतःच्या अंगणात लढत होता. त्यानं पॅराशूटनं उडी मारली तर तो केंटच्या शेतात उतरून दुसऱ्या दिवशी पुन्हा उडू शकायचा. जर्मन पायलट तिथेच उतरला तर युद्धकैदी. आमच्याकडेही तसंच. स्वतःच्या जमिनीवर उतरलेल्याला पंधरा मिनिटांनी दुसरं विमान, शत्रूच्या जमिनीवर उतरलेल्याला त्या रात्रीपुरतं नाही. सुरुवातीला यावर फार कुरकुर झाली. पण त्यामुळेच जर्मन बाजूचे लोक लाल दिवा लागला की खरोखर घाबरून परत फिरायला लागले. याआधी कोणी घड्याळाकडे बघतही नव्हतं.

मिनिटाची किंमत

आता फिजिक्सवाली थोडी बोलते. सहन करा.

दोन विमानं समजा ताशी ५४० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला १५० मीटरनं उडताहेत. एक दुसऱ्यापेक्षा हजार मीटर वर आहे. वरच्यानं सूर मारला, आणि हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर खालच्याच्या पातळीला येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे २०५ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ७४० होतो. प्रत्यक्षात विरोधामुळे कमी होईल, पण कल्पना येते. स्पिटफायर आणि १०९ यांच्या कमाल वेगात फरक असतो ताशी दहा-वीस किलोमीटरचा. म्हणजे कुठलं विमान चांगलं यावर आम्ही रात्ररात्र भांडतो, त्याच्या कितीतरी पट फरक एक किलोमीटर उंचीनं पडतो.

उंची कशानं मिळते? वेळेनं. स्पिटफायर दर मिनिटाला साधारण सहा-सातशे मीटर चढतं. म्हणजे शत्रू येतोय ही बातमी एक मिनिट आधी मिळाली, तर सहाशे मीटर जास्त. एक मिनिट उशिरा मिळाली, तर तेवढं कमी. खाडी ओलांडायला ताशी ३४० किलोमीटरनं सहा मिनिटं लागतात. सहा हजार मीटर चढायला नऊ-दहा मिनिटं. किनाऱ्यालगतच्या हॉकिंजसारख्या तळावरून उठणाऱ्यांची पंचाईत यातच आली. ते सरळ शत्रूच्या अंगावर चढत गेले तर पोटाखाली सापडणार. म्हणून आधी पाठ फिरवून आत, जमिनीच्या दिशेनं चढायचं आणि मग वळायचं. खऱ्या स्क्वाड्रन हेच करत.

हे कळल्यावर माझ्या हातात एकदम एक खुंटी आली. विमानांचे गुणधर्म पिळायची गरज नाही, संख्या वाढवायची गरज नाही. मिशनमध्ये फक्त एक गोष्ट ठरवायची: बचाव करणाऱ्यांना किती मिनिटांची पूर्वसूचना. माझ्या पहिल्या मिशनमध्ये ती चाळीस मिनिटं होती, दुसऱ्यात शून्य!

कॅरमच्या सोंगट्या

१९४० मध्ये ही सूचना यायची ती चेन होम नावाच्या रडार केंद्रांकडून. उंच मनोऱ्यांची ही रांग समुद्राकडे तोंड करून उभी होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावर जमणाऱ्या विमानांचे थवे तिला दिसायचे, पण उंची आणि संख्येचा अंदाज बऱ्याचदा चुकायचा. आणि किनारा ओलांडून विमान आत आलं की रडारचा उपयोग संपला. मग ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक दुर्बिणीनं बघून फोन करायचे. सगळी रडारची माहिती बेंटली प्रायरीला, फायटर कमांडच्या मुख्यालयात गाळून घेतली जायची आणि तिथून विभागांच्या नकाशांच्या टेबलांवर यायची. ह्यू डाउडिंग यांनी उभी केलेली ही व्यवस्था. टेबलाभोवतीच्या मुली लांब काठ्यांनी नकाशावरच्या सोंगट्या सरकवतानाचे फोटो तुम्ही पाहिले असतील.

खेळात हे कसं आणायचं? सोपा मार्ग म्हणजे नकाशावर शत्रूचे लाल ठिपके दाखवणं. पण तो डाउडिंग यांच्या स्वप्नातलाही रडार झाला. ठिपके पूर्ण बंद केले तर ब्रिटिश बाजू आंधळी, तेही खोटंच. आम्ही मधला मार्ग काढला: माणूस बसवला. ब्रिटिश बाजूला एक कंट्रोलर. तो उडत नाही. त्याला दर दोन मिनिटांनी मी शत्रूच्या थव्याची जागा सांगते, पण ती चार मिनिटांपूर्वीची. संख्या मोघम: "वीसहून जास्त". उंचीत मी मुद्दाम चूक घालते, त्यासाठी फासा टाकते. किनारा ओलांडल्यावर फक्त दिशा आणि "आवाज ऐकू आला" इतकंच. कंट्रोलर समोर कागदी नकाशा घेतो, त्यावर कॅरमच्या सोंगट्या मांडतो (काळ्या जर्मन, पांढऱ्या ब्रिटिश, राणी म्हणजे "खात्री नाही"), आणि जमिनीवर इंजिन बंद करून बसलेल्या आपल्या लोकांना कधी उठायचं ते सांगतो. लवकर उठवलं तर पेट्रोल जळतं, आणि तो हल्ला हूल निघू शकतो. उशिरा उठवलं तर उंची नाही.

जर्मन बाजूला कंट्रोलर नाही. शिवाय त्यांच्या बॉम्बर आणि फायटर विमानांना त्या वेळी एकमेकांशी रेडिओवर बोलता येत नव्हतं, म्हणून आम्ही त्यांचे व्हॉइस चॅनेलही वेगळे केले. बॉम्बरचा म्होरक्या पंख हलवून खूण करतो! हा नियम मला स्वतःला सगळ्यात आवडतो, आणि जर्मन बाजूला सगळ्यात कमी. त्याच्या बदल्यात त्यांना एक गोष्ट मिळते: लक्ष्य तीनपैकी कोणतं (हॉकिंज, मॅन्स्टन की बिगिन हिल) हे फक्त त्यांना माहीत. निवड ते करतात, चिठ्ठी मला देतात.

मोजायचं काय?

बहुतेक सर्व्हरवर गुण मिळतात विमानं पाडण्याचे. यानं होतं असं, की कोणी बॉम्बरसोबत थांबतच नाही. प्रत्येक जण एकटा वर जाऊन शिकार शोधतो. आकडे छान दिसतात आणि मिशन मरतं.

पाडलेल्या विमानांच्या आकड्यानं खरी लढाईसुद्धा मोजता येत नव्हती, बरं का. १५ सप्टेंबर १९४० या दिवशी ब्रिटननं १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात जर्मनीनं गमावली होती साठच्या आसपास. मुद्दाम थापा मारल्या असं नाही. एकाच धूर सोडणाऱ्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या तर तिघांनाही ते आपलंच वाटतं. तरीही त्या दिवशी जर्मनीला जे साधायचं होतं, ते साधलं नाही. महत्त्व त्याला.

म्हणून आम्ही मोजतो: किती बॉम्बर लक्ष्यावर बॉम्ब टाकू शकले, त्यातले किती घरी परतले, आणि दोन्हीकडचे किती पायलट शेवटी जिवंत. बॉम्बर कॉम्प्युटर चालवतो (म्होरक्या सोडून), त्यामुळे ते घाबरून पळत नाहीत.

पण इथे खरा प्रश्न उरतोच. एवढं करूनही दोन बाजूंना जिंकायची समान संधी आहे का? नाहीच. किती मिनिटांची सूचना दिली की पारडं बरोबर मधोमध येईल, हे काढायचं म्हटलं तर शंभर मिशन उडवावी लागतील. दहा मिशनपैकी सात ब्रिटिशांनी जिंकली तर लगेच आरडाओरडा होतो, "बघा, एकतर्फी आहे". पण नाणं दहा वेळा उडवलं तरी सात किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६ आहे, म्हणजे सतरा टक्के. दहा मिशनवरून काहीच सिद्ध होत नाही, आणि दहा मिशन म्हणजे आमचे पाच महिने.

यातून वाट सापडली ती आमच्या गाइडच्या घरी. सरांना ब्रिजचा नाद आहे. क्लबात डुप्लिकेट ब्रिज खेळतात तेव्हा वाटलेले पत्ते तसेच जपून ठेवतात आणि पुढच्या टेबलावर तेच हात दुसरे लोक खेळतात. तुमच्याकडे भिकार पत्ते आले तरी हरकत नाही. तुमची तुलना समोरच्या जोडीशी नसतेच. तेच भिकार पत्ते दुसऱ्या टेबलावर ज्यांच्या हातात होते, त्यांच्याशी असते.

मी चहाचा कप तसाच ठेवून घरी आले.

तेव्हापासून प्रत्येक मिशन दोनदा उडतं. पहिल्या रविवारी अ संघ जर्मन, ब संघ ब्रिटिश. पुढच्या वेळी उलट. पहिल्यांदा अ संघाचे बारापैकी पाच बॉम्बर लक्ष्यावर पोचले. दुसऱ्यांदा ब संघाचे तीन. दोन्ही वेळा लढाई ब्रिटिशांनीच जिंकली, पण सामना अ संघानं. पारडं मधोमध आणायची गरजच संपली! दुसऱ्या फेरीत अचानकपणा जाईल ही भीती होती, म्हणून लक्ष्याची निवड आणि ढगांची उंची बदलते. त्यानं तुलना थोडी मळते, हे मान्य. पूर्ण शुद्ध तुलना हवी असेल तर ब्रिज खेळा.

जी काढायची

आता माझ्या संशोधनाचा भाग, आणि माझ्या हातून झालेला अन्याय.

आमचा भाड्याचा सर्व्हर मुंबईत आहे. नियम होता: पिंग, म्हणजे संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, सरासरी १५० मिलिसेकंदांच्या वर गेला की सर्व्हर आपोआप बाहेर काढणार. फ्रँकफर्टचा दादा सतत १६०-१६५ वर. तो दर अर्ध्या तासानं फेकला जायचा, बिचारा पुन्हा यायचा. त्याच्या हातात काहीच नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरलं तरी जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद. केबल काही सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात दुपटीहून जास्त.

उलट सिन्नरच्या मुलाचा सरासरी पिंग ७०. नियमात चोख. आणि त्याचं विमान मात्र हवेत उड्या मारायचं. तुम्ही नेम धरला की ते वीस मीटर बाजूला. एका रात्री तिघांनी एकदम तक्रार केली की हा लॅग स्विच वापरतो, मुद्दाम नेट तोडतो. चर्चा झाली, आवाज चढले, आणि मी त्याला ग्रुपमधून काढलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, मी काही नाही केलं हो."

दोन दिवसांनी मला राहवेना, म्हणून सर्व्हरवरच्या रेकॉर्डिंगमधून प्रत्येक पॅकेट कधी आलं ते काढून आलेख केला. रोज लॅबमध्ये हेच करते, इथे करायचं सुचलं नाही. आलेखात दिसलं ते असं.

सिममध्ये तुमचा कॉम्प्युटर दुसऱ्याचं विमान सतत "बघत" नसतो. त्याच्याकडून थोड्या थोड्या वेळानं चिठ्ठी येते: मी इथे आहे, या वेगानं, या दिशेनं चाललोय. मधल्या वेळात तुमचा कॉम्प्युटर अंदाजानं ते विमान पुढे सरकवतो. जुने दर्यावर्दी किनारा दिसत नसताना वेग आणि दिशेवरून आपली जागा काढायचे, तेच हे डेड रेकनिंग. १९८०च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी सिमनेट नावाचं रणगाड्यांच्या सिम्युलेटरचं जाळं बांधलं गेलं, तेव्हापासून ही युक्ती या क्षेत्रात आहे.

आता गणित बघा. समजा चिठ्ठी २०० मिलिसेकंद जुनी आहे. सेकंदाला १५० मीटरनं जाणारं विमान तेवढ्यात ३० मीटर पुढे गेलेलं असतं. १०९ची लांबी नऊ मीटरही नाही. अंदाज न करता काढलं तर विमान तीन विमानं मागे दिसेल! पण वेग माहीत असल्यानं ते ३० मीटर आपण भरून काढतो. चूक उरते ती फक्त मधल्या काळात विमान वळलं तर. चार जीचं वळण म्हणजे सेकंद-वर्गाला ४० मीटर त्वरण. त्याच्या निम्मे गुणिले वेळेचा वर्ग: ०.२ सेकंदांसाठी चूक ८० सेंटिमीटर. कॉकपिटच्या काचेएवढी. म्हणजे फ्रँकफर्टच्या दादाचा संथ, सारखा उशीर जवळजवळ निरुपद्रवी.

हॉटस्पॉटवर काय होत होतं? सरासरी छान, पण मधूनच पूर्ण एक सेकंद एकही चिठ्ठी नाही, मग आठ-दहा एकदम. त्याच सूत्रात एक सेकंद घाला: चूक २० मीटर. वेळ पाचपट, चूक पंचवीसपट. वर्ग आहे ना! तक्रारीतले "वीस मीटर" आलेखात जसेच्या तसे होते. आणि त्या खिंडी लढाईच्या वेळीच नव्हे, तर तो एकटा समुद्रावर उडत होता तेव्हाही पडत होत्या. एकटा असताना कोण कशाला नेट तोडेल?

म्हणजे आमचा नियम दोन्हीकडून चुकीचा. निरुपद्रवी माणसाला हाकलणारा, आणि खऱ्या अडचणीकडे न बघणारा. मी त्याला फोन केला, माफी मागितली, ग्रुपवर आलेख टाकून सगळ्यांसमोरही मागितली. नवा नियम: सरासरी पिंग बघायचाच नाही. दोन चिठ्ठ्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाच्या वर किती वेळा गेलं, ते बघायचं. आणि आपोआप बाहेर काढणं बंद. मिशनच्या आधी पंधरा मिनिटं चाचणी उड्डाण, आलेख सगळ्यांना दिसतो.

एक वाद अजून मिटलेला नाही. गोळी लागली की नाही हे कोणाच्या कॉम्प्युटरनं ठरवायचं? आमच्याकडे मारणाऱ्याच्या. त्यामुळे कधी कधी तुम्ही वळून निसटलात असं तुम्हाला दिसतं आणि तरी पंख तुटतो. खाणाऱ्याच्या कॉम्प्युटरनं ठरवलं, तर मारणाऱ्याला आपल्या डोळ्यांना दिसतं त्याच्याही पुढे अंदाजानं नेम धरावा लागेल. दोन्हीत कोणीतरी चिडणारच. नेमबाजी हे कौशल्य आहे आणि ते दिसेल त्यावरच करता यावं, म्हणून मी पहिल्या बाजूची.

संख्येचं थोडक्यात. ऐनवेळी दोघं आले नाहीत आणि दहाविरुद्ध आठ झाले, तर "दोघांनीच तर फरक" असं वाटतं. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं १९१६च्या 'एअरक्राफ्ट इन वॉरफेअर' या पुस्तकात दाखवलं, की सगळे सगळ्यांवर मारा करू शकत असतील तर ताकद संख्येच्या वर्गानं जाते. शंभर आणि चौसष्ट. शेवटपर्यंत लढले तर दहावाल्यांचे सहा उरतात. हवेत सगळे एकदम भिडत नाहीत, जोड्या जोड्यांत फुटतात, त्यामुळे वर्ग पूर्ण लागू होत नाही. पण दिशा तीच. म्हणून आमच्याकडे गळती झाली की दुसऱ्या संघातूनही तितके जण बसतात, चिठ्ठ्या टाकून. बसलेला माणूस बॉम्बरचा गनर होतो.

कोणाकडे व्हीआर, कोणाकडे जुना लॅपटॉप आणि साडेतीन हजारांची जॉयस्टिक, ही विषमता मला काढता आलेली नाही.

सिन्नरच्या मुलाला आम्ही त्या काळात कंट्रोलर केलं. त्या कामाला फक्त आवाज पोचला की झालं. हा न्याय होता का? पूर्ण नाही; त्याला उडायचं होतं. पण तो नकाशापुढे बसला आणि दुसऱ्याच मिशनला मी दिलेल्या उंचीवर विश्वास न ठेवता त्यानं अर्धी विमानं दीड मिनिट आधी उठवली. थवा वरून आला तेव्हा स्पिटफायर त्याच्याही वर होती. त्या रात्री जर्मन बाजूनं फ्रँकफर्टचा दादा होता. तो म्हणाला, "अरे, आम्ही काय नुसते मरायलाच आलो होतो का?"

गेल्या महिन्यात गावात फायबर आलं. चाचणीत त्याचा आलेख माझ्यापेक्षा सपाट होता. मी म्हटलं, आता उड. तो म्हणाला, ताई, या मोसमात राहू दे, सोंगट्या माझ्याकडेच ठेवा. या रविवारी साडेनऊला दुसरी फेरी आहे, आणि जर्मन बाजूची चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात बंद आहे.